हिशेब कुणाच्या हाती?

मिरजेला आमच्या मामूंची बेकरी. पहाटे तीनला भट्टी पेटते आणि सहाच्या आत पावाच्या लाद्या सायकलींवरून हॉटेलांत पोहोचतात, असं पस्तीस वर्षं चालत आलं. २०२३ च्या मार्चमध्ये मामूंचा इंतकाल झाला. पाचव्या दिवशी मुमानींनी भट्टी पेटवायला सांगितलं, कारण सात कामगारांची घरं त्या भट्टीवर चालत होती. सगळ्यांना वाटलं, सावरलं सगळं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात लाकडाची भट्टी काढून रोटरी ओव्हन घ्यायचं ठरलं आणि मुमानी कर्जासाठी बँकेत गेल्या. बँकेने मागितली तीन वर्षांची आयकर रिटर्न आणि जीएसटीचे कागद. मुमानींनी निर्धास्तपणे फाईल पुढे केली. बँकेतल्या बाईंनी कागद उलटून पाहिले, मग मृत्यूचा दाखला पाहिला, परत कागद पाहिले आणि विचारलं, "हे सगळं मरहूमांच्याच नावावर भरलंय. त्यांच्या मागे दीड वर्ष. हे कुणी भरलं?"

भरलं होतं आमच्या टॅक्सवाल्यांनी. गावात त्यांना सगळे 'वकीलसाहेब' म्हणत, वकील नसूनही. मामूंचं काम वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. दरमहा पाचशे रुपये, वर नाताळात केक. ते लबाड नव्हते, पैसाही खाल्ला नाही. मामू गेले हे त्यांना माहीत होतं, जनाज्याला आले होते. पुढच्या तिमाहीला त्यांच्या पोऱ्याने नेहमीप्रमाणे मामूंच्या नंबरावर कर भरला. ओटीपी त्यांच्याच ऑफिसच्या मोबाईलवर यायचा, त्यामुळे आमच्या घरात कुणाला विचारायची वेळच आली नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगतोय, कारण गेल्या काही महिन्यांत वाचकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: टॅक्सचं काम कुणाकडे द्यावं? कुणाचं किराणा दुकान, कुणाची शिलाईची चार मशीनं, कुणाचा नवरा मस्कतला. उत्तर आम्ही पुस्तकातून देत नाही. दोन वर्षं आमच्या डोक्यावर बसलेल्या प्रकरणातून देतो.

आधी हे ओळखा, की तुम्हाला माणूस हवा तरी आहे का. घरात एकाचा पगार, एक फॉर्म १६, दुसरं उत्पन्न नाही, तर रिटर्न स्वतः भरता येतं. आयकराच्या पोर्टलवर बहुतेक रकाने भरलेलेच येतात. ते ताडून पाहायचे, सबमिट करायचं आणि तीस दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करायची. ही शेवटची पायरी विसरली तर रिटर्न भरलं असं धरतच नाहीत. कॉलेजातली मुलगी हे अर्ध्या तासात करून देते आणि तिला त्यातून जे समजतं ते पुढे तिच्याच कामी येतं.

दुकान असलं की गोष्ट बदलते. घर विकलं, वाटणी झाली, परदेशाचा पैसा आला, घरातला कर्ता गेला, अशा वेळीही जाणकाराकडे जाणं भाग आहे.

जाणकार म्हणजे कोण, यातही घोळ आहे. पाटीवर 'कर सल्लागार' लिहायला कुठलीही परीक्षा लागत नाही. सीए म्हणजे १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचा सदस्य. त्याला सदस्य क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्याने दाखला दिला तर त्यावर यूडीआयएन हा अठरा अंकी क्रमांक असायला हवा, तोही तपासता येतो. जीएसटी प्रॅक्टिशनर वेगळा, त्याची नोंद जीएसटी पोर्टलवर सापडते. टॅक्सची वकिली करणारे खरे वकीलही असतात. जुने विक्रीकरवाले, ज्यांना गावाकडे अजून एसटीपी म्हणतात, त्यांच्यातले कित्येक उत्तम काम करतात. आम्ही पदवीचे पुजारी नाही. छोट्या दुकानाला प्रत्येक वेळी सीए लागतोच असंही नाही. मात्र टॅक्स ऑडिट लागलं तर ते सीएच करू शकतो, आणि समोरचा माणूस यांपैकी नेमका कोण आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. आम्हाला वीस वर्षं माहीत नव्हतं.

बँकेतून आल्यावर मुमानी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बेटा, त्यांच्या नावावर मी खोटं तर नाही ना केलं?" त्यांना ओव्हनची फिकीर नव्हती, ती एका गोष्टीची होती. आम्ही म्हणालो, खोटं नाही, चूक झाली. पण ती निस्तरायला माणूस हवा होता.

आम्ही तिघांना भेटलो. पहिले आमच्याच नात्यातले होते, म्हणून आधी त्यांच्याकडे. त्यांनी चहा पाजला, मामूंच्या आठवणी काढल्या आणि म्हणाले, "काही होत नाही, चालू द्या तसंच, कोण बघतंय?" आपला माणूस म्हणून काम देण्यात वाईट काही नाही. पण आपलेपणाने हिशेब बरोबर होत नाही, आणि चूक निघाली तर नात्यामुळे तोंड उघडता येत नाही. आम्ही सलाम करून निघालो.

दुसऱ्याचं ऑफिस झकपक. फाईल न उघडता त्याने सांगितलं, "घरात नोकरीवाले आहेत ना? त्यांचेही रिटर्न द्या. रिफंड काढून देतो, त्यातले दहा टक्के माझे." हे ऐकल्यावर खुर्चीतून उठावं. परताव्याच्या टक्क्यावर फी घेणं सीएला त्याच्या संस्थेच्या नियमांनी मना आहे. आणि असा रिफंड निघतो कशातून? न दिलेल्या देणग्या, नसलेलं घरभाडं, न काढलेला विमा. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांवर देशभर छापे घातले. रिटर्नवर नाव असतं तुमचं. खोटी माहिती देऊन कर चुकवल्याचं ठरलं तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड तुम्हाला. रिफंड काढून देणारा तोवर दुसऱ्या गावात पाटी लावतो.

तिसरी एक तरुण सीए. इचलकरंजीत एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचं ऑफिस. तिने मुमानींना समोर बसवलं, आम्हाला बाजूला. दीड तास फक्त प्रश्न विचारले. मामू कोणत्या तारखेला गेले? वारस किती? बँकेत कळवलं का? दुकानाची जागा कुणाच्या नावावर? काउंटरवरचा क्यूआर कोड कुणाचा?

क्यूआर कोड धाकट्या मुलाचा होता. मामूंचं खातं बंद होईल या भीतीने त्याने स्वतःच्या बचत खात्याचा कोड चिकटवला होता. बेकरीची दीड वर्षाची ऑनलाइन विक्री त्या पोराच्या खात्यात, आणि तो नोकरीला सांगलीत. म्हणजे मुमानींचा धंदा, मामूंचं रिटर्न आणि मुलाच्या खात्यात पैसा. आयकर खात्याकडे प्रत्येकाच्या पॅनखाली एक वार्षिक माहितीपत्रक असतं, एआयएस म्हणतात. बँकेचं व्याज, मोठी रोख रक्कम, शेअर, जमिनीचा व्यवहार त्यात येतो. चांगला टॅक्सवाला रिटर्न भरण्याआधी हे पत्रक काढतो आणि तुमच्यासमोर ठेवतो. आमच्या जुन्या साहेबांनी ते कधी उघडल्याचं आठवत नाही.

मग तिने जे सांगितलं ते ऐकून ठेवा, कारण घरातला कर्ता गेल्यावर हे बहुतेकांना ठाऊक नसतं. एकट्याच्या मालकीचा धंदा हा त्या माणसाच्या पॅनवर असतो. माणूस गेला की जीएसटी नंबर आपोआप बायकोचा किंवा मुलाचा होत नाही. वारसाने जुनी नोंदणी रद्द करायला अर्ज द्यायचा आणि धंदा पुढे चालवणाऱ्याने स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यायची, दोन्ही तीस दिवसांत. गेलेल्या माणसाचं इंतकालाच्या तारखेपर्यंतचं आयकर रिटर्न वारसाने भरायचं, त्यासाठी पोर्टलवर 'कायदेशीर वारस' म्हणून नाव नोंदवावं लागतं. त्या तारखेनंतरचं उत्पन्न चालवणाऱ्याचं.

मुमानींचं पॅन होतं, पण आधारला जोडलेलं नव्हतं, म्हणजे निकामी. हजार रुपये भरून ते जोडलं. २०२३-२४ या वर्षाचं त्यांचं रिटर्न जुलैलाच जायला हवं होतं. उशिराचं भरायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४, आणि आम्ही नोव्हेंबरात उभे. ते त्या मुदतीत गेलं, हजार रुपये विलंब शुल्कासह. उत्पन्न पाच लाखांच्या आत म्हणून हजार, वर असतं तर पाच हजार. ही तारीखही हुकली असती तर सुधारित नव्हे, 'अद्ययावत' रिटर्नचा रस्ता उरतो. ते चार वर्षांपर्यंत भरता येतं, पण पहिल्या वर्षी करावर पंचवीस टक्के जादा आणि पुढे चढत जाऊन सत्तर टक्क्यांपर्यंत. जीएसटीचं मात्र लांबलं. कर भरलेला होता, पण चुकीच्या नंबरावर. तिथे पत्रं, खुलासे, फेऱ्या. सात महिने गेले. त्या सात महिन्यांत ती बाई एकदाही म्हणाली नाही की "साहेबांना सांभाळून घेऊ". उत्तर लिहायची, आम्हाला वाचून दाखवायची, मुमानींची सही घ्यायची.

एक प्रसंग विसरता येत नाही. बँकेचं कर्ज रखडलं तेव्हा मुमानींचे भाऊ तीन लाख रोख घेऊन आले. कर्ज-ए-हसना, कागद नाही, साक्षीदार नाही, भाऊबहिणीत कशाला? मुमानींनी सहज फोनवर सांगितलं आणि पलीकडून ती जवळजवळ ओरडलीच, "थांबा! रोख घेऊ नका." वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी किंवा कर्जाऊ रोखीने घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही. घेतली तर जितकी रक्कम तितकाच दंड लागू शकतो. बिनव्याजी आहे, सख्ख्या भावाची आहे, याने सूट मिळत नाही. परत करतानाही तोच नियम. भावाने ती रक्कम स्वतःच्या खात्यात भरून चेक दिला, दोघांनी साध्या कागदावर चार ओळी लिहून सह्या केल्या. आपल्या घरांतून व्याज टाळण्यासाठी अशी देवघेव सर्रास होते आणि ती चांगलीच रीत आहे. फक्त ती बँकेतून करा. देणंघेणं लिहून ठेवायला तर आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

व्याजाचंही तसंच. खूप वाचक लिहितात, आम्ही बँकेचं व्याज वापरत नाही, सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकतो, मग रिटर्नमध्ये का दाखवायचं? दाखवायचं, कारण बँकेने ते तुमच्या खात्यात जमा केलं आणि एआयएसमध्ये लिहिलं. तुम्ही त्याचं पुढे काय केलं हे खातं विचारत नाही. टॅक्सवाल्याला हे सांगायला लाजू नका. त्याने हसून उडवलं तर तो तुमचा माणूस नाही.

जकातीबद्दल: जकात हा धंद्याचा खर्च नाही आणि हाताने गरिबाला दिलेल्या जकातीवर करात सूट नाही. ज्यांना ८०जी ची मान्यता आहे अशा संस्थेला दिली, रोख दोन हजारांच्या वर नाही आणि तुम्ही जुनी करपद्धत घेतली असेल, तरच वजावट. नव्या पद्धतीत तीही नाही. उलट बाजूही ऐका. रिटर्नमधल्या शिल्लक मालाच्या आकड्यावरून जकात काढू नका. लहान दुकानदार ठोक नफ्याच्या योजनेत असतात, दोन कोटींपर्यंतच्या विक्रीवर रोखीला आठ आणि बँकेतून आलेल्या पैशाला सहा टक्के नफा धरायचा. तिथे हिशेबाच्या वह्या लागत नाहीत, आणि मालाचा आकडा बरेचदा अंदाजाने टाकलेला असतो. माल स्वतः मोजा आणि जकातीचं आलिमांना विचारा.

उमराहला खासगी टूरवाल्याकडून जाऊन आला असाल, तर पॅकेजच्या पैशावर त्याने टीसीएस कापलेला असतो. तो कर तुमच्या पॅनवर जमा असतो आणि रिटर्नमध्ये परत मागता येतो. आमच्या ओळखीतल्या एका खालांचे असे पैसे केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून पडून होते. नवीन टॅक्सवाल्याला हा प्रश्न विचारून बघा. चटकन उत्तर आलं तर आपल्या घरांच्या गरजा त्याला ठाऊक आहेत.

रत्नागिरी, रायगडच्या वाचकांसाठी एवढंच, की आखाती देशातल्या माणसाची फाईल कोपऱ्यावरच्या एसटीपीला देऊ नका. वर्षात किती दिवस भारतात होता यावर सगळं ठरतं, १८२ चा आकडा तुम्ही ऐकलाच असेल. एनआरई खात्याचं व्याज करमुक्त, एनआरओचं नाही, आणि कायमचं परत आल्यावर एनआरई खातं तसंच ठेवता येत नाही. पासपोर्टवरचे शिक्के न मागता जो रिटर्न भरतो, तो अंदाजाने भरतो.

आता फीबद्दल. स्वस्त म्हणून आम्ही पाचशेवाल्याकडे वीस वर्षं राहिलो. नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलं: वर्षाला इतके, त्यात ही ही कामं, नोटीस आली तर वेगळे. ते जुन्यापेक्षा तिप्पट होते. पण त्याच कागदावर तिने दुसरंही एक गणित मांडलं. बेकरीची विक्री साठेक लाख, त्यात बावन्न लाखांचा पाव आणि आठ लाखांचा टोस्ट. मामू कंपोझिशन योजनेत होते. माल बनवणाऱ्याला त्या योजनेत सगळ्या विक्रीवर एक टक्का, म्हणजे साठ हजार, आणि ज्या पावावर मुळात जीएसटी शून्य आहे त्याच्यावरही तो एक टक्का बसतो. नेहमीच्या पद्धतीत फक्त टोस्टवर पाच टक्के, म्हणजे चाळीस हजार, त्यातून मालावरच्या कराची काही वजावट. "पण मग रिटर्न दरमहा, बिलं नीट ठेवावी लागतील आणि माझी फीही वाढेल," ती म्हणाली. "ठरवा तुम्ही." स्वतःची फी गणितात धरून दाखवणारा टॅक्सवाला आम्ही पहिल्यांदा पाहिला. मुमानींनी विचार करून कंपोझिशनच ठेवलं. दरमहा बिलं कोण सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं. निर्णय चुकीचा असेलही, पण तो त्यांनी समजून घेतला.

तुम्हीही कुणाकडे गेलात तर असा एखादा तुमच्या धंद्यातलाच प्रश्न विचारा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. "माझ्या कामात यामुळे काय बदललं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. तुम्हाला समजेल अशा भाषेत जो सांगत नाही, त्याला बहुधा स्वतःलाही समजलेलं नसतं.

आणि काम दिल्यावर चाव्या देऊ नका. आयकर आणि जीएसटी या दोन्ही पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल तुमचा हवा, टॅक्सवाल्याचा नव्हे, कारण नोटीस तिथेच येते. कागद बघायचे म्हणून मूळ प्रती कायमच्या ठेवून घेऊ देऊ नका. भरलेल्या प्रत्येक रिटर्नची पोच मागा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणीही आपला नंबर टाकून कोणत्या महिन्याचं रिटर्न गेलं हे पाहू शकतो. आम्ही आता दर तिमाहीला पाहतो. बाईंवर अविश्वास आहे म्हणून नाही. त्यांनीच पहायला शिकवलं.

माणूस बदलायचा असेल तर भांडण न करता बदला. पासवर्ड आधारच्या ओटीपीने स्वतः बदलता येतो, जुन्या साहेबांकडून जुनी रिटर्न, पोच, नोटिसा यांची यादी करून सही घेऊन फाईल आणा. आम्ही आणायला गेलो तेव्हा वकीलसाहेब ओशाळले होते. म्हणाले, "पोऱ्याने केलं, माझ्या लक्षात आलं नाही." मुमानींनी त्यांना काही सुनावलं नाही. राहिलेले दोन महिन्यांचे हजार रुपये मोजून दिले आणि पावती मागितली. वीस वर्षांत पहिली.

रोटरी ओव्हन गेल्या वर्षी बसला. क्यूआर कोड आता मुमानींच्या चालू खात्याचा आहे, नोंदणीच्या दाखल्यावर त्यांचं नाव आहे आणि तो दाखला काउंटरमागे मामूंच्या फोटोऐवजी लावला आहे, कारण मामूंना फोटो आवडत नसे. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो. परवा आम्ही तिथे बसलो असताना इचलकरंजीहून फोन आला, "मावशी, ओटीपी आलाय, सांगता का?" मुमानींनी चष्मा लावला, मेसेज वाचला आणि विचारलं, "आधी सांग, कशाचा आहे?"